निकेलची विळी

आमच्या शालनवन्संचं लग्न झालं ते साल एकोणीसशे बासष्ट. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना घरातल्या जुन्या विळीचं पातं मधोमध मोडलं, म्हणून मी आणि केवळाबाई लोणंदच्या आठवडी बाजारात नवी विळी घ्यायला गेलो.

केवळाबाई एका लोहाराच्या पालापुढे बसल्या होत्या. त्यांनी एक विळी उचलली, जमिनीवर ठेवली, पाटावर पाय दाबला आणि पाट हलतो का ते टाचेनं पाहिलं. मग पात्यावर नखानं टिचकी मारली आणि कान तिकडे नेला. ती बाजूला ठेवली. दुसरी घेतली. पुन्हा तेच. अशा सहा विळ्या झाल्या. मी मागे पिशवी धरून उभी होते आणि उन्हानं माझं डोकं तापलं होतं.

सातवी त्यांना आवडली. पातं काळं, फक्त धारेची कड तेवढी पांढरी. पाट बाभळीचा, नुसता तासलेला, त्यावर रंग नाही की काही नाही. त्यांनी मला बसून बघायला सांगितलं. मी बसले. पात्याचं टोक कुठे येतं ते त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या की तुमच्या उंचीला बरोबर आहे, वर आलं असतं तर चिरून चिरून मान धरली असती.

मी मात्र पलीकडच्या दुकानाकडे बघत होते. तो लोहार नव्हता, भांडीवाला होता. त्याच्याकडे दोरीला चार विळ्या टांगल्या होत्या. पात्याला निकेल दिलेलं, चांदीसारखं चकचकीत. टोकाला नारळ खवायचं दातेरी फूल. पाटाला लाल रंग आणि त्यावर पिवळं कमळ काढलेलं. मी उठून तिकडे गेले आणि एक हातात घेतली. पात्यात मला माझं तोंड दिसलं.

केवळाबाई मागून आल्या. त्यांनी पाट उलटा केला, नखानं खालचं लाकूड खरवडलं आणि वास घेतला.

"सूनबाई, ह्यो पाट आंब्याचा हाय. मऊ लाकूड. पाण्यात भिजलं, उन्हात वाळलं की खोबण ढिली हुती. मग पातं हलतं."

भांडीवाला हसून म्हणाला, "मावशी, आता जमाना बदलला."

"जमाना बदलला, बोटं तीच हायत," केवळाबाई म्हणाल्या.

मी म्हणाले की मला हीच हवी. त्यांनी विळी सुलटी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "घ्या. चिरायचं तुम्हाला हाय." आणि लोहाराला जाऊन सांगून आल्या की तुझी विळी चांगली आहे, आज नको.

या केवळाबाई कोण ते सांगायला हवं. त्या आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायच्या. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. तेव्हा पन्नाशीच्या असतील. गावात कुणाकडे लग्न-मुंज असली की भाजी चिरायला त्यांना बोलावणं जायचं. नुसतं चिरायला नव्हे. दोनशे पानं म्हटली की वांगी किती, बटाटा किती, भोपळे किती आकाराचे, हे त्या सांगायच्या. शेजारपाजारच्या पंधरा-वीस बाया आपापल्या विळ्या घेऊन यायच्या आणि केवळाबाई मधे बसायच्या. कुणाच्या फोडी मोठ्या होतायत, कुणाचं बोलण्यात जास्त लक्ष आहे, कुणाचं पोर विळीच्या जवळ आलंय, हे सगळं मान वर न करता त्यांना दिसायचं. मान त्यांना होता. लग्नघरचं लुगडं मिळायचं, शिधा मिळायचा, त्यावर त्यांचं वर्ष निघायचं.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्यांचा फार भरवसा. म्हणून तर मला एकटीला बाजारात पाठवलं नव्हतं. आणि ते मला लागलं होतं. दोन वर्षं झाली मी या घरात चूल सांभाळत होते, एक विळी मला निवडता येणार नाही का, असं माझ्या मनात. ती निकेलची विळी मी अर्धी आवडीनं घेतली आणि अर्धी केवळाबाईंना दाखवायला.

आत्याबाईंनी विळी बघितली आणि एवढंच विचारलं की केवळानं हीच पसंत केली का. मी हो म्हणाले. केवळाबाई दारातच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या घराची एक रीत होती. चिरून झालं की विळी आडवी करायची. आता उठते आणि लगेच येते, असं असलं तरी आडवी. घरात चुलत सासऱ्यांची धरून पाच लहान मुलं होती. माझ्या माहेरी मी एकटी वाढलेली, तिथे विळी चुलीच्या कोपऱ्यात दिवसभर उभीच असायची. त्यामुळे मला ती सवय नव्हती. पहिल्या वर्षी आत्याबाईंना विळी उभी दिसली तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा दिसली तेव्हा धाकट्या जावेचा बाळ्या रांगत तिच्यापासून हातभर अंतरावर आला होता. आत्याबाईंनी त्याला उचललं, विळी आडवी केली आणि मला माजघरात बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "तिसऱ्यांदा दिसली तर तू आईकडे जाऊन बस. जिला मूल नाही तिला मुलाची काळजी कशी असेल, एवढंच मी तुझ्या आईला कळवीन."

त्या दिवसापासून मी कधी चुकले नव्हते. पण ही नवी विळी आडवी केली की फरशीवर घासून निकेलला ओरखडे पडायचे. पहिल्याच आठवड्यात दोन पडले. मी राखेनं घासून बघितले, गेले नाहीत. मग मी ती आडवी करताना खाली फडकं अंथरायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, "तिला पाळण्यात निजव की."

हळदीच्या दिवशी सकाळपासून परसात बाया जमल्या. पाल बांधून सावली केली होती. वांगी, बटाटे, तांबडे भोपळे, कोबी यांचे ढीग. मोठ्या घंगाळात वांग्यांसाठी मिठाचं पाणी. केवळाबाई आपली विळी घेऊन मधे बसल्या. त्यांची विळी म्हणजे काळं ठिक्कर पातं, आणि पाटाला त्यांच्या पायाचा खळगा पडलेला. मी माझी लाल पाटाची विळी घेऊन बसले तशा बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"हिरा, चिरायला आणलीस का भांग पाडायला?"

"अगं, नवरी सजवायची तर आरसा लागेल की."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण दोन भोपळे झाले आणि पातं हलायला लागलं. भोपळा कठीण, त्यावर जोर दिला की पातं डावीकडे कलायचं आणि फोड वेडीवाकडी निघायची. सकाळी घासून पाट उन्हात ठेवला होता, तो वाळून खोबण सैल झाली होती. मी पाय दाबून, पातं गुडघ्यानं आवरून तसंच रेटत होते. कुणाला कळू नये म्हणून कोबीकडे वळले. केवळाबाईंना कळलंच. त्या उठून माझ्याजवळ आल्या, विळी घेतली, जळणातली बाभळीची एक ढलपी निवडली, आपल्या विळीवर ती तासून बारीक केली आणि खोबणीत पाचर ठोकून दिली. पातं घट्ट बसलं.

मी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. आणि बायांपैकी एकीनं सुरू केलं तर तिला म्हणाल्या की तुझ्या फोडी बघ आधी, वरपक्षाची माणसं काय घोड्याच्या तोंडाची आहेत का. मला त्यांचा आणखीच राग आला.

साडेपाच वाजेपर्यंत चिरणं संपलं. पाचर पुन्हा जराशी वर आली होती. केवळाबाईंनी ती परत एकदा ठोकली, माझी विळी भिंतीशी आडवी करून ठेवली आणि घंगाळं घेऊन विहिरीकडे गेल्या. निम्म्या बाया विळ्या पदराखाली घेऊन, निम्म्या त्या परसातच ठेवून घरी हळदीची लुगडी नेसायला निघाल्या.

तेवढ्यात आत्याबाईंनी आतून सांगितलं की संध्याकाळच्या पानांना लिंबं चिरायची राहिलीत. मी माझी विळी उचलली आणि कोठीच्या खोलीमागच्या बोळात गेले. ती अरुंद जागा, तिथे सावली असायची. वीस-बावीस लिंबं चिरली. लिंबाच्या रसानं निकेल काळं पडतं म्हणून पदरानं पातं पुसलं. पुसत होते तेव्हा दारात वाजंत्री वाजली. नवरदेवाची उष्टी हळद आली होती. पोरं ओरडत पुढच्या दाराला धावली. मी लिंबांचं ताट उचललं आणि गेले. विळी बोळात राहिली.

हळद घेऊन आलेल्या बायांना पाणी दिलं, गूळ दिला. शालनवन्संना हळद लावून झाली आणि त्या परसातल्या न्हाणीकडे निघाल्या. पुढचं दार माणसांनी भरलं होतं म्हणून त्या बोळातून गेल्या. दिवे लागायची वेळ होती, बोळात अंधारून आलं होतं. त्यांचं लुगडं विळीच्या टोकाच्या दातेरी फुलात अडकलं. त्यांनी ओढलं, तोल गेला आणि पाय मागे पडला तो पात्यावर.

मला त्यांची हाक ऐकू आली. ती मोठी नव्हती. "वहिनी" म्हणाल्या. घरात तीन वहिन्या होत्या, पण त्या मलाच हाक मारायच्या.

टाचेच्या वर, मागच्या बाजूला लागलं होतं. हळद आणि रक्त एक झालं होतं. आमच्या ह्यांनी त्यांना उचलून डॉक्टरांकडे नेलं. मामंजी वरपक्षाच्या माणसांना हात जोडून सांगत होते की किरकोळ आहे. बाहेर वाजंत्री एकदम थांबली तेव्हा मला कळलं की इतका वेळ ती वाजतच होती.

आत्याबाई बोळातून विळी घेऊन परसात आल्या. एका हातात कंदील होता. घरच्या बाया, चार शेजारणी, सगळ्या तिथे उभ्या होत्या. आत्याबाईंनी विळी जमिनीवर ठेवली, आडवी, आणि विचारलं, "ही कुणी उभी ठेवली?"

त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर शालनवन्संचा पाय नव्हता, हे मी खरं सांगते. माहेरचा एस.टी.चा थांबा होता, आणि हातात पत्र्याची पेटी घेऊन मी तिथे उतरतेय असं दिसत होतं.

मी म्हणाले, "केवळाबाईंनी पाचर ठोकून ठेवली होती."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. लिंबांचं मी बोलले नाही. लिंबं मी चिरली हे आत्याबाईंना ठाऊक होतं, पण परसात त्या दिवशी आठ-दहा विळ्या होत्या, मी कुठली घेतली ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

केवळाबाई विहिरीकडून आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. काय झालं ते त्यांना वाटेत कुणीतरी सांगितलं होतं. आत्याबाईंनी विचारलं, "केवळा, ही तू ठोकलीस?"

"व्हय वहिनी. दोनदा ठोकली."

"आणि उभी ठेवलीस?"

"न्हाई. आडवी केली." त्यांनी भिंतीकडे बघितलं, जिथे ठेवली होती तिथे. मग बोळाकडे बघितलं. "हितं भिंतीला आडवी केली व्हती. केलीच असंल की मी. मी कवा उभी ठिवत न्हाई."

"मग ती बोळात चालत गेली?"

केवळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बघण्यात संशय असता तर कदाचित मी बोलले असते. पण त्या मला विचारत होत्या. मी तिथे होते, मी काही पाहिलं असेल, तर मी सांगीन, असं ते बघणं होतं.

"सूनबाई, म्या आडवी केली व्हती न्हवं?"

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

त्या आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिल्या. बोटं उघडायच्या आणि मिटायच्या, जणू हातालाच विचारतायत. मग म्हणाल्या, "दिसभर उन्हात व्हते. काय उमजंना." आणि खाली बसल्या.

आत्याबाई त्यांना फार बोलल्या नाहीत. पोर उद्या बोहल्यावर कशी उभी राहील, एवढंच म्हणाल्या. केवळाबाईंनी आपली विळी कापडात गुंडाळली आणि न जेवता गेल्या. त्यांच्यासाठी आणलेलं हिरवं लुगडं फडताळात तसंच राहिलं. पुढे दिवाळीला आत्याबाईंनी ते मला दिलं. मी नेसले.

लग्न झालं. शालनवन्संच्या पायाला नऊ टाके होते, सप्तपदीला भावानं धरून चालवलं. वरपक्षाकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं अपशकुन म्हणून बोल लावले, पण नवरदेवानं ऐकलं नाही. पायाची शीर मात्र नीट जुळली नाही. शालनवन्सं जन्मभर उजवा पाय किंचित ओढत चालल्या. निकेलची विळी मामंजींनी भंगारवाल्याला दिली. घरात लोहाराकडची काळी विळी आली, ती आत्याबाईंनी स्वतः जाऊन आणली.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या गल्लीत एक बारसं होतं. मला वाटलं होतं की केवळाबाईंना आता कुणी बोलावणार नाही. पण त्या घरच्या बाईनं बोलावलं. म्हणाली, एक चूक कुणाच्याही हातून होते. मीही चिरायला गेले होते. केवळाबाई आल्या, बसल्या, पायाखाली पाट धरला. दोन वांगी चिरली आणि उठल्या. प्रत्येक बाईच्या मागे जाऊन बघून आल्या की कुणाची विळी उभी तर नाही. परत येऊन बसल्या. पुन्हा उठल्या, आपलीच विळी आडवी केली, चार पावलं गेल्या, वळून बघितली, परत आल्या, हात लावून बघितली. बाया आधी हसल्या, मग खाली माना घालून चिरायला लागल्या. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर त्यांनी विळी कापडात गुंडाळली आणि घरच्या बाईला सांगितलं की माझा मला भरवसा उरला नाही, दुसरी कुणी बघा.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. माझ्यापुढे कोथिंबीर होती. मी ती बारीक चिरत राहिले, नको तितकी बारीक.

दिवाळीच्या आधी त्या गाव सोडून फलटणला भाचीकडे राहायला गेल्या.

त्यानंतर मी विळीवर चिरणं हळूहळू सोडलं. ताटात घेऊन लहान सुरीनं चिरायचं आणि लगेच धुऊन वर फळीवर ठेवायची. आत्याबाई गेल्यावर घरात ओटा बांधला तेव्हा मी विळी घेतलीच नाही. लाकडी फळी आणि दोन सुऱ्या आणल्या. जावा म्हणायच्या की हिराचं सगळं नव्या पद्धतीचं. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

माझ्या थोरल्या मुलीचं, विजूचं, लग्न एक्याऐंशी साली मार्गशीर्षात ठरलं. कार्तिकात बस्ता बांधायला आम्ही फलटणला गेलो. कापडाच्या दुकानातून मी उठले, ह्यांना सांगितलं की गल्लीतल्या एक बाई इथे असतात, त्यांना पत्रिका देऊन येते. एकोणीस वर्षं झाली होती. मी सांगायचं ठरवून गेले होते. वाटेत शब्द जुळवत होते. केवळाबाई, त्या दिवशी लिंबं मी चिरली, तुमची विळी आडवीच होती. एवढंच सांगायचं होतं.

भाचीचं नाव रतन. तिनं दार उघडलं. केवळाबाई खाली सतरंजीवर बसून गवार मोडत होत्या. शेंग घ्यायची, दोन्ही टोकं खुडायची, शीर ओढायची आणि हातानंच तीन तुकडे. बोटं अजून तशीच चालत होती, सगळे तुकडे एका मापाचे. डोळे अधू झाले होते, मी नाव सांगितल्यावर ओळखलं. रतन ओट्याशी उभी राहून सुरीनं कांदा चिरत होती. तिनं हसत सांगितलं की मावशी घरातल्या कुठल्याही धारेच्या वस्तूला हात लावत नाही, कांदा चिरायचं काम पडलं तर उपाशी बसेल. फलटणला आली त्याच वर्षी आपली विळी लोहाराला देऊन टाकली म्हणे.

मी पत्रिका दिली. केवळाबाईंनी ती कपाळाला लावली. गवारीची परात बाजूला सारली आणि विचारलं, "शालन कशी चालती?"

मी म्हणाले, बरी चालते. दोन मुलं झाली, मोठा मॅट्रिकला आहे.

"पाय वढती का अजून?"

"थोडा."

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गवारीनं खरखरीत झाला होता.

"सूनबाई, तुम्ही आलात ते बरं झालं. मला वहिनींची माफी मागायची व्हती, त्या गेल्या. आता तुम्हीच त्या घरच्या मोठ्या. माझ्या हातनं पोरीचा पाय गेला. म्या लई आठवलं. आडवी केल्यालं मला आठवतं, पर मग ती बोळात कशी, ह्ये आठवत न्हाई. म्हंजे म्याच कवातरी उचलून तिकडं नेली असंल अन् इसरले. दुसरं कोण नेणार? तुमी मला माफ करा."

रतनची सुरी थांबली होती. ती आमच्याकडे बघत होती.

बोलायची तीच वेळ होती. माझ्या तोंडाशी शब्द जुळवलेले होते. एवढंच की आता ते बोलायचे म्हणजे या बाईला सांगायचं होतं की एकोणीस वर्षं तू स्वतःला जे म्हणालीस ते सगळं मी तुला म्हणायला लावलं. आणि रतन ऐकत होती. आणि दुकानात विजू आणि तिच्या सासरची माणसं बसली होती.

मी म्हणाले, "जाऊ द्या हो केवळाबाई. झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही."

मी त्यांना माफ केलं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. रतनला सांगितलं की चहात साखर नीट घाल, लग्नघरच्या बाई आहेत. मग त्यांना हसू यायला लागलं, मोकळं झाल्यासारखं. विजूच्या लग्नाला येते म्हणाल्या. चिरणार नाही, पण मटार सोलीन, मेथी निवडीन, एका जागी बसून जे होईल ते करीन. मी या म्हणाले. दोन दिवस आधीच या म्हणाले. चहा प्यायले. त्यांनी उठून मला कुंकू लावायला रतनला सांगितलं, स्वतः विधवा म्हणून लावलं नाही, आणि दारापर्यंत भिंत धरून आल्या.

बाहेर पडल्यावर मी लगेच दुकानात गेले नाही. रस्त्याच्या कडेला एक दगडी ओटा होता, त्यावर बसले. मी त्या दिवशी बोळात विळी विसरले होते, असं मी इतकी वर्षं स्वतःशी म्हणत आले होते. घाईत राहून गेली, कुणाचंही राहिलं असतं, असं. पण केवळाबाई तिकडे आपण विसरलो म्हणून रडत होत्या, आणि त्यांच्यासमोर बसल्यावर मला ते म्हणता येईना. मी विसरले नव्हते. पातं पुसून झाल्यावर मी ती आडवी करायला हात घातला होता. बोळात फरशी नव्हती, खडबडीत दगड होते. खाली अंथरायचं फडकं परसात राहिलं होतं. निकेलला आणखी एक ओरखडा पडेल म्हणून मी हात काढून घेतला, विळीकडे बघितलं, आणि ती उभी ठेवून हळद बघायला गेले.

मला अक्षरं आली ती चोपन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. त्याआधी हे लिहायचं तर दुसऱ्या कुणाला तरी सांगून लिहवून घ्यावं लागलं असतं. हे सांगायला हवं असं माणूस एकच होतं, केवळाबाई, आणि त्यांनाच मी सांगितलं नाही.

केवळाबाई विजूच्या लग्नाला आल्या नाहीत. रतनचं पत्र आलं, ते ह्यांनी मला वाचून दाखवलं. केवळाबाई एकोणीसशे एक्याऐंशी साली मार्गशीर्षात, लग्नाच्या नऊ दिवस आधी, फलटणला भाचीच्या घरी वारल्या. शालनवन्सं दोन हजार आठ सालच्या श्रावणात गेल्या.